पाण्यावरून पाहिलेली मुंबई

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन झाले की खेड्यापाड्यांतून आलेले आपले पुष्कळसे लोक दुसऱ्या दिवशी मुंबई पाहायला निघतात. काखेत पुस्तकांची पिशवी, डोक्यावर गाठोडे, पोरांच्या गळ्यात निळे रुमाल. राणीचा बाग, हायकोर्ट, आणि मग गेट वे ऑफ इंडिया. तिथे गेल्यावर बोटीत बसल्याशिवाय कुणी परतत नाही. अर्ध्या तासाची ती फेरी. ज्याने आयुष्यात विहीर आणि फार तर धरणाचे पाणी पाहिले, त्याला समुद्र जवळून दाखवणारी मुंबईतली ही सर्वांत स्वस्त शाळा आहे.

गेल्या डिसेंबरात मीही अशाच एका घोळक्याबरोबर बोटीत होतो. मंडळी मराठवाड्यातली. धक्क्याच्या पायऱ्यांवर एक म्हातारी खाली वाकली, ओंजळीत पाणी घेतले, जिभेला लावले आणि थुंकून म्हणाली, "खारट हाय व्हय! म्हनून कुनी अडवलं नसंल." सगळे हसले. मीही हसलो. पण बोट सुटल्यावर तिच्या नवऱ्याने मला विचारले, "गुर्जी, बाबासाहेब बिलायतेला गेले ते हितनंच का?" त्या प्रश्नावर मात्र मी अडखळलो. बोटीवरचा पोरगा ओरडून माहिती देत होता: हे ताजमहाल हॉटेल, हे नौदल, ते लांबवर तेलाचे बेट. त्याच्या यादीत म्हाताऱ्याच्या प्रश्नाला जागा नव्हती. इतिहासाचा शिक्षक म्हणवणाऱ्या माझ्याजवळही त्या क्षणी सलग असे उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या म्हाताऱ्याला उशिरा दिलेले उत्तर आहे.

१

प्रथम त्या दरवाजाविषयी. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी ज्या अपोलो बंदरावर उतरले, त्याला कोळ्यांच्या बोलीत पालवा बंदर म्हणत. साहेबाच्या जिभेने पालव्याचे अपोलो केले. राजा उतरला तेव्हा आज दिसणारी कमान नव्हती. पुठ्ठ्याची तात्पुरती कमान उभी करून काम भागवले होते. दगडी कमानीची पायाभरणी ३१ मार्च १९१३ रोजी झाली, जॉर्ज विटेट याचा आराखडा १९१४ साली मंजूर झाला आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग याच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पिवळसर बसाल्ट दगड, सुमारे ८५ फूट उंची, आणि खर्च सुमारे २१ लाख रुपये. ज्या राजासाठी कमान बांधली तो तिच्यातून कधी आत आला नाही. उलट २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फंट्री, याच कमानीतून बाहेर पडली. स्वागतासाठी उभारलेला दरवाजा निरोपाच्या कामी आला.

हा तपशील सगळ्या पर्यटन-पुस्तिकांत असतो. आपण त्याच सनावळीशेजारी दुसरी सनावळ मांडून पाहू. १९१३ साली, कमानीची पायाभरणी झाल्यानंतर काही महिन्यांतच, भीमराव रामजी आंबेडकर हा बावीस वर्षांचा पदवीधर बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन समुद्रमार्गे अमेरिकेला निघाला आणि जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचला. १९२४ साली, कमानीच्या उद्घाटनाच्या साडेचार महिने आधी, २० जुलै रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. 'शिका, चेतवा, संघटित व्हा' हे तिचे ब्रीद होते. साम्राज्याचा दरवाजा आणि बहिष्कृतांची चळवळ एकाच शहरात, एकाच दशकात उभी राहत होती. दरवाजाला २१ लाख मिळाले. चळवळीला वर्गणीच्या आणे-पैशांवर चालावे लागले. पण २४ वर्षे पुरी होण्याआधी दरवाजाचे काम संपले. चळवळीचे संपलेले नाही. इमारतींचा इतिहास आणि माणसांचा इतिहास यांत हाच फरक असतो.

२

समुद्र आणि जात यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. बौधायन धर्मसूत्रात पतनाला कारण होणाऱ्या कर्मांच्या यादीत समुद्रप्रवास पहिल्या क्रमांकाने येतो. एकोणिसाव्या शतकातही विलायतेहून परतलेल्या उच्चवर्णीयाला प्रायश्चित्त घ्यावे लागे, नाहीतर पंगतीतून उठावे लागे. ज्याच्याजवळ गमावण्यासारखी जात होती, त्याच्यासाठी ही बंदी होती. ज्याला गावाच्या वेशीबाहेर ठेवले होते, त्याला समुद्र ओलांडून आणखी कुठे बाहेर काढणार? ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतील मरीन बटालियनमध्ये महार शिपाई होते. जहाजावर चढायला ते कचरत नाहीत, हे कंपनी सरकारने पुरते ओळखले होते. पुढे १८९० नंतरच्या दशकात लढाऊ जातींचा सिद्धान्त आला आणि याच लोकांना फौजेचे दरवाजे बंद झाले. गरज होती तोवर समुद्र मोकळा. गरज संपताच जमीनही बंद.

बाबासाहेबांनी समुद्र ओलांडला त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९१७ साली ते परतले तेव्हा महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या जहाजावर होती ते पाणतीराच्या माऱ्याने बुडाले. पुस्तके समुद्राने घेतली. त्यानंतर बडोद्यात जे घडले ते समुद्राचे काम नव्हते. नोकरीवर हजर होण्यासाठी गेलेल्या या विद्वानाला राहायला जागा मिळाली नाही; नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. जर्मन पाणबुडीने पुस्तके बुडवली, बडोद्याने माणूस बुडवण्याचा प्रयत्न केला. यांतले कोणते पाणी अधिक खोल, हे वाचकांनी ठरवावे.

नंतरही हेच बंदर पुन्हा पुन्हा येते. ४ ऑक्टोबर १९३० रोजी पहिल्या गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने मुंबईहून निघाले. दुसऱ्या परिषदेसाठी १५ ऑगस्ट १९३१ रोजी 'मुलतान' बोटीने गेले. गांधीजी त्याच महिन्याच्या २९ तारखेला 'राजपुताना' बोटीने गेले. गांधीजींच्या त्या प्रवासाच्या कथा शाळेच्या पुस्तकात येतात. पंधरा दिवस आधी याच बंदरातून कोट्यवधी अस्पृश्यांची कैफियत घेऊन एक माणूस गेला, त्याच्या प्रवासाच्या कथा मात्र आपल्यालाच एकमेकांना सांगाव्या लागतात. तेव्हा म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे: होय बाबा, मुंबईच्या याच पाण्यावरून ते गेले.

३

फेरीची बोट गेट वेपासून थोडी आत जाते आणि नौदलाच्या हद्दीच्या अलीकडेच वळसा घेऊन परतते. त्यामुळे प्रवाशाला दिसतो तो शहराचा दर्शनी भाग. त्या वळणापलीकडे उत्तरेला खरे बंदर आहे: बॅलार्ड पियर, इंदिरा गोदी, व्हिक्टोरिया गोदी, प्रिन्सेस गोदी, भाऊचा धक्का, दारूखाना. मुंबई ज्या पाठीवर उभी राहिली ती पाठ तिकडे आहे, आणि बोट नेमकी तिथे पोहोचण्याआधी फिरते. ही कुणाची दुष्ट योजना आहे असे मी म्हणत नाही; सुरक्षेची आणि डिझेलची कारणे असतील. पण आपल्या इतिहासलेखनाची बोटही नेमकी याच ठिकाणी वळते, हा मात्र योगायोग नाही.

मुंबईच्या जुन्या गोदीत १७३५ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हा जहाजबांधणीतला कसबी माणूस आला. वाडिया घराण्याने बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे १८१७ सालचे सागवानी जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. वाडियांचे नाव राहिले ही आनंदाची गोष्ट. पण मलबारच्या जंगलातून ते साग तोडून ओढून आणणाऱ्यांपैकी एकाचेही नाव राहिले नाही. पुढे १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८० साली प्रिन्सेस, १८८८ साली व्हिक्टोरिया आणि १९१४ साली अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा, अशा गोद्या खणल्या गेल्या. समुद्र हटवून जमीन केली गेली. टोपलीने माती वाहणारे हात कुठून आले? दुष्काळाने, वेठीने आणि बलुत्याच्या अपमानाने गाव सोडलेल्या माणसांतून आले. कोकणातले महार बोटीने आले, घाटावरचे रेल्वेने आणि पायी आले.

आता एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल. मुंबईच्या कापड गिरण्यांत जास्त पगाराच्या विणाईखात्यात अस्पृश्यांना प्रवेश नसे. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. 'कामगाराला जात नसते' हे वाक्य भाषणात ठीक होते; धोट्यावर ते टिकत नव्हते. मग गिरणीच्या विणाईखात्याने नाकारलेला माणूस कुठे गेला? सूतकताईच्या कमी पगाराच्या खात्यात गेला, रेल्वेत गेला, नगरपालिकेच्या सफाईत गेला आणि गोदीत गेला. कोळशाची टोपली डोक्यावर घ्यायला, धान्याची गोण पाठीवर घ्यायला कुणाची जात आड आली नाही. ओझ्याला विटाळ होत नाही! विटाळ फक्त पाण्याच्या माठाला आणि धाग्याला होतो. जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांचे म्हणणे पुस्तकात वाचण्याआधी आपल्या बापजाद्यांनी या गोदीच्या फाटकावर अनुभवले होते.

फाटकावर म्हणण्याचे कारण असे की गोदीतले काम रोजचे नव्हते. बोट लागली तर काम, नाही तर उपास. स्टिव्हडोर कंपनीचा टोळीवाला सकाळी फाटकावर माणसे निवडी. ज्याने काल त्याला चहा पाजला, ज्याने त्याचे व्याज वेळेवर दिले, त्याचा हात आधी वर दिसे. मजुरीही त्याच्याच हातून मिळे, आणि हातातून हातात जाताना ती कमी होई. या अनिश्चित रोजगाराची दखल शाही मजूर आयोगाने घेतली, पण गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा यायला १९४८ साल उजाडावे लागले. त्यातून नोंदणी आली, हजेरीची हमी आली. ही हमी कुणी दान दिलेली नाही. प्लॅसिड डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांमागे उभे राहून हजारो कामगारांनी ती मिळवली. बंदराच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याला आज डिमेलो यांचे नाव आहे. ज्यांनी संप केले, घरची भांडी गहाण टाकली, त्यांच्या नावाचा बोळही नाही.

४

या गोदीच्या इतिहासात एक तारीख अशी आहे की ती ऐकताच आपल्या माणसाचे कान टवकारावेत. १४ एप्रिल.

१४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांचा त्रेपन्नावा वाढदिवस. ते त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज रिकामे होत होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, कापसाच्या गाठी होत्या, लाकूड होते, तेल होते आणि सोन्याच्या विटा होत्या. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात भरू नये एवढे साधे शहाणपण युद्धाच्या घाईत कुणाला सुचले नाही. आग लागली. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आसपासची जहाजे, गोदामे, मांडवी-मशीद बंदराच्या वस्त्या पेटल्या. सोन्याच्या विटा दूरवर लोकांच्या घरांत पडल्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान मेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. एकूण मृतांचा अधिकृत अंदाज सातशे-आठशेच्या घरात जातो. सरकारने बातमी दाबली. जगाला ती आधी शत्रुपक्षाच्या सायगाव रेडिओवरून कळली. नंतर सुमारे आठ हजार माणसे सात महिने राबली, तेव्हा पाच लाख टन ढिगारा हलला आणि गोदी पुन्हा चालू झाली.

जवानांचे स्मरण होते हे योग्यच आहे. विम्याच्या दाव्यांची मोजदाद झाली, सोन्याच्या विटांचा हिशेब तर पुढे कित्येक वर्षे गाळ उपसताना चालूच राहिला. पण त्या दिवशी जहाजावर, धक्क्यावर, गोदामांत रोजंदारीवर असलेल्या हमालांचा हिशेब कसा ठेवणार? ज्याला सकाळी टोळीवाल्याने बोटाने खुणावून आत घेतले, त्याचे नाव संध्याकाळी कोणत्या हजेरीपटात शोधणार? सोन्याची वीट हरवली तर ती हरवली असे कळते, कारण तिच्यावर क्रमांक असतो. रोजंदारीचा माणूस हरवला तर तो फक्त दुसऱ्या दिवशी फाटकावर दिसत नाही.

दर १४ एप्रिलला आपण मिरवणुका काढतो. त्या दिवशी गोदीतल्या या अनाम मृतांसाठी दोन मिनिटे उभे राहिलो तर जयंतीचा आनंद कमी होणार नाही. उलट मजूर खात्याच्या त्या सदस्याला हे अधिक आवडले असते, असे मला वाटते.

५

म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर मात्र विलायतेचे नाही, महाडचे आहे. आपण बाबासाहेबांच्या बोटी म्हटल्या की लंडन-न्यूयॉर्क आठवतो. सर्वांत महत्त्वाची बोट मात्र कोकणात गेली.

मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतल्यावर महाडात आपल्या लोकांवर हल्ले झाले, तळे 'शुद्ध' करून घेतले गेले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह परिषद ठरली. मुंबईहून महाडला जायचा एक मार्ग धरमतरवरून होता. पण तिथून पुढे मोटारवाल्यांवर अवलंबून राहावे लागे, आणि त्यांचा भरवसा नव्हता. दासगावला उतरले तर तिथून महाड सुमारे पाच मैल. मोटार नसली तरी पायी जाता येई. म्हणून २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी 'पद्मावती' बोटीने निघाले. पुढे सावित्रीच्या खाडीतून २५ तारखेला दुपारी दासगावला उतरले. धक्क्यावर सत्याग्रही वाट पाहत होते. तिथून चालत महाड. महाडात परिषदेच्या मंडपाला जागा मिळत नव्हती. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. त्या सायंकाळी बाबासाहेबांनी परिषदेची तुलना फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रीय सभेशी केली आणि रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

विचार करा. ज्या शास्त्राने समुद्रप्रवासाला पातक ठरवले, त्या परंपरेच्या ग्रंथाचे दहन करायला निघालेली माणसे समुद्रावरून गेली. जमिनीवरच्या रस्त्यावर मालकी होती, मोटारीवर मालकी होती, तळ्यावर मालकी होती. समुद्रावर कुणाची मालकी नव्हती म्हणून मुक्तीचा रस्ता पाण्यावरून गेला. "खारट हाय म्हनून कुनी अडवलं नसंल," हे त्या म्हातारीचे बोलणे मला इथे आठवते. तिने थट्टेत जे म्हटले तो भारताच्या सामाजिक इतिहासाचा एक नियमच आहे. जे पाणी पिता येते त्याच्याभोवती जात उभी राहते. जे पिता येत नाही ते सर्वांचे असते. न्यायालयाने चवदार तळ्याचा निकाल आपल्या बाजूने देईपर्यंत १९३७ साल उजाडले. समुद्राचा निकाल मात्र कुणाकडे मागावा लागला नव्हता.

६

फेरीच्या बोटीतून स्वच्छ दिवशी घारापुरीचे डोंगर दिसतात. पर्यटक तिथे शैव लेणी पाहायला जातात आणि त्या शिल्पांचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच बेटाच्या पूर्वेकडील डोंगरावर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, त्या डोंगराला स्तूप टेकडीच म्हणतात, हे किती जणांना सांगितले जाते? एकीकडे १९८७ साली हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत गेले. दुसरीकडे बेटावरच्या गावकऱ्यांच्या घरांत कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. समोर मुंबईचा झगमगाट, आणि मधल्या पाण्याइतकाच सत्तर वर्षांचा अंधार. वारसा दगडांचा असतो. माणसांचा वारसा बहुधा प्रतीक्षेचा असतो.

आज गोदीही बदलली आहे. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, मालाचे पेटारे आले, क्रेन आल्या. १९९४ साली गोदी कामगार मंडळ पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले. ज्या कामासाठी शंभर पाठी लागत ते एका यंत्राने होऊ लागले. पाठीवरचे ओझे गेले याचे दुःख कुणी करू नये. ओझ्याबरोबर भाकरीही गेली याचे करावे. पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनीचे काय करायचे यासाठी २०१४ साली समिती नेमली गेली, आणि तेव्हापासून सौंदर्यीकरण, पर्यटन, क्रूझ हे शब्द ऐकू येतात. म्हणजे उद्या फेरीची बोट कदाचित ते वळण ओलांडून पुढे जाईल. तेव्हा तिथे काय दाखवले जाईल? गोदामांच्या जागी उपाहारगृहे दिसतील, एखादी जुनी क्रेन रंग देऊन शोभेला उभी केली जाईल. त्या क्रेनच्या आधी तिथे पाठी होत्या हे कोण सांगेल? किनारा सुशोभित होऊ द्या. पण किनाऱ्यावरच्या वस्त्यांतली माणसे हटवून आणि त्यांची आठवण पुसून तो सुशोभित होणार असेल, तर ते दुसऱ्यांदा केलेले 'शुद्धीकरण' ठरेल.

म्हणून शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे म्हणणे साधे आहे. गोदीतून निवृत्त झालेली पिढी आता थकली आहे. तिच्याकडे जाऊन बसा. टोळीवाल्याचे नाव, गोणीचे वजन, माठ कुठे ठेवलेला असे, संपात कुणी उधारी दिली, हे सगळे लिहून घ्या. कागदपत्रांत आपण नाही, कारण कागद आपल्या हातात नव्हता. आता आहे. आणि सहा डिसेंबरला आलेल्या माणसांना घेऊन बोटीत बसाल तेव्हा ताज हॉटेल अवश्य दाखवा, पण त्यावरच थांबू नका.

बोट परतली तेव्हा ऊन कलले होते. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची स्पीडबोट 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि माणसे बुडाली. तेव्हापासून अंगात जाकीट घालायचा आग्रह असतो. म्हाताऱ्याने आपले जाकीट काढून, घडी घालून, दोन्ही हातांनी बोटीवरच्या पोराला परत दिले. मग पायरीवर थांबून तो पाण्याकडे तोंड करून उभा राहिला आणि हात जोडून "जय भीम" म्हणाला. आजूबाजूचे पर्यटक फोटो काढण्यात गुंतले होते. तो कुणाला उद्देशून म्हणाला हे कुणी विचारले नाही. मला मात्र वाटते, उत्तर माझ्याआधी त्यालाच सापडले होते.